डॉटच्या डावीकडचे आर्ग्युमेंट

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र ठेवणारा साचा) लिहू लागलेल्या माणसाला पहिली खरी अडचण येते ती मेथडला, म्हणजे क्लासमधल्या फंक्शनला, दिलेली आर्ग्युमेंट्स, म्हणजे आत पाठवलेल्या किमती, मोजताना. साध्या फंक्शनपर्यंत सगळे सुरळीत असते. व्याख्येच्या कंसात जेवढे पॅरामीटर, म्हणजे किमती घेणारी नावे, लिहिले तेवढ्या किमती द्यायच्या, इतका सरळ हिशेब असतो. क्लासच्या आत शिरल्यावर तोच हिशेब एकाने चुकू लागतो, आणि तो का चुकतो हे समजून न घेता बहुतेक जण कंसात पहिल्या जागी सेल्फ (self) हे नाव लिहून पुढे जातात. एरर जाते, प्रोग्रॅम चालतो, पण समज तिथेच अडकून राहते आणि पुढे क्लासमेथड, स्टॅटिकमेथड, इनहेरिटन्स हे विषय आले की प्रत्येक ठिकाणी नवा नियम पाठ करावा लागतो. माझे म्हणणे असे आहे की मुळातला नियम एकच आहे: मेथड कॉल करताना डॉटच्या डावीकडे जे असते तेही आर्ग्युमेंटच असते, आणि मेथडचा प्रकार फक्त एवढेच ठरवतो की ते आत कोणत्या रूपात जाईल, किंवा जाईल की नाही.

आमच्या रत्नागिरी तालुक्यात मे महिना सरता सरता आंबा आटोपतो, जूनमध्ये पाऊस धरतो आणि बागायतदारांच्या घरोघरी पट्ट्या जुळवण्याचे काम निघते. पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीचा कागद: किती पेट्या गेल्या, काय दर लागला, भाडे किती, हमाली किती, हंगामाआधी घेतलेली उचल किती वळती झाली, आणि शेवटी हातात काय आले. या दिवसांत गावातली काही मुले माझ्याकडे पायथन शिकायला येतात, आणि घरात तोच विषय चाललेला असल्यामुळे आम्ही पहिला क्लास पट्टीचाच लिहितो. या लेखातली उदाहरणेही त्यातलीच आहेत.

नावे मी देवनागरीत ठेवतो, आणि तो केवळ हौसेचा भाग नाही. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३.० पासून व्हेरिएबल, फंक्शन आणि क्लास यांची नावे देवनागरीत लिहिता येतात, त्यामुळे ज्यांचा हिशेब आहे त्यांनाही तो प्रोग्रॅम थोडाफार वाचता येतो. भाषेचे राखीव शब्द रोमनच राहतात, म्हणून क्लासची व्याख्या मी खाली शब्दांत सांगणार आहे आणि कॉलच्या ओळी तेवढ्या जशाच्या तशा देणार आहे. सेल्फ हा मात्र राखीव शब्द नाही. ते पहिल्या पॅरामीटरचे रूढ नाव आहे; त्या जागी दुसरे कोणतेही नाव लिहिले तरी पायथनची हरकत नसते. तरीही ते बदलू नये, कारण आपला कोड वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅमर आणि प्रत्येक एडिटर त्याच नावाची अपेक्षा करतो.

समजा पट्टी नावाचा क्लास आहे, त्याचे ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातून काढलेली एक प्रत्यक्ष पट्टी, तयार करताना पेट्यांची संख्या आणि दर द्यावा लागतो, आणि त्यात वजा_करा नावाची एक मेथड आहे. वाशीच्या बाजारातल्या पट्टीसाठी तिचा वापर असा होईल:

```
वाशी = पट्टी(पेट्या, दर)
वाशी.वजा_करा(रक्कम)
```

पावसकडच्या एका बागायतदाराची मुलगी हा क्लास लिहीत होती. तिने मेथडच्या व्याख्येत कंसात फक्त रक्कम हा एकच पॅरामीटर लिहिला होता, कारण द्यायची होती ती रक्कमच. पायथनने उत्तर दिले की ही मेथड एक पोझिशनल (जागेवरून ओळखले जाणारे) आर्ग्युमेंट घेते, पण तुम्ही दोन दिली आहेत. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “दादा, मी तर एकच रक्कम दिली ना? मग हा दोन कुठली म्हणतोय?” मी तिला म्हटले, “दुसरं तूच दिलंयस. डॉटच्या डावीकडे बघ.” आणि दुसऱ्या ओळीच्या खाली तिला हे लिहायला सांगितले:

```
पट्टी.वजा_करा(वाशी, रक्कम)
```

व्याख्या दुरुस्त करून पहिल्या जागी सेल्फ लिहिल्यावर दोन्ही ओळी चालतात आणि दोन्ही ओळी नेमके तेच काम करतात. पहिल्या ओळीत वाशी डॉटच्या डावीकडे आहे, दुसऱ्या ओळीत कंसात पहिल्या जागी आहे. मेथडच्या आत पोहोचेपर्यंत हा फरक उरलेलाच नसतो. शिकवताना मी ही दुसरी ओळ प्रत्येकाकडून एकदा तरी हाताने लिहून घेतो, कारण ती लिहिल्यावर सेल्फ कुठून येतो हा प्रश्न पुन्हा विचारावा लागत नाही.

एरर आली हे त्या मुलीच्या दृष्टीने चांगलेच झाले. समजा तिने सेल्फ विसरून ‘रक्कम’ आणि ‘कारण’ असे दोन पॅरामीटर लिहिले असते आणि ‘कारण’ याला डिफॉल्ट, म्हणजे काही दिले नाही तर धरायची किंमत, म्हणून हमाली हा मजकूर दिला असता. मग त्याच कॉलमध्ये ‘रक्कम’ या नावाखाली संपूर्ण पट्टीचे ऑब्जेक्ट जाऊन बसले असते, ‘कारण’ या नावाखाली रुपयांचा आकडा गेला असता, आणि आर्ग्युमेंट्सची संख्या बरोबर जुळल्यामुळे पायथनने तक्रारच केली नसती. मेथड त्या दोन्ही गोष्टी कुठल्याशा लिस्टमध्ये नोंदवून मोकळी झाली असती आणि बेरीज करायची वेळ आल्यावर, भलत्याच ओळीवर, प्रोग्रॅम थांबला असता. संख्या जुळणे आणि अर्थ जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पायथन कॉलच्या वेळी फक्त पहिली तपासतो.

याच्या उलट बाजूची एररही तितकीच गोंधळात टाकणारी असते. ऑब्जेक्ट तयार करताना कंस विसरून नुसते असे लिहिले जाते:

```
वाशी = पट्टी
वाशी.वजा_करा(रक्कम)
```

आता वाशी हे ऑब्जेक्ट नसून क्लासचेच दुसरे नाव झाले आहे. डॉटच्या डावीकडे ऑब्जेक्ट नसल्यामुळे पहिली जागा भरायला कोणी नाही, म्हणून कंसात दिलेली रक्कम सरळ सेल्फच्या जागेवर जाते, आणि पायथन सांगतो की रक्कम नावाचे आवश्यक आर्ग्युमेंट मिळालेले नाही. शिकणारा कंसाकडे बघतो, तिथे रक्कम दिसते, आणि तो चक्रावतो. जे आर्ग्युमेंट आपण डोळ्यांदेखत दिले आहे तेच मिळाले नाही अशी एरर आली, की ते एक जागा आधी सरकलेले आहे असे समजावे आणि डॉटच्या डावीकडे काय आहे ते तपासावे.

हे सगळे घडते कसे, हे पाहण्यासारखे आहे, कारण यात पायथनच्या रचनेचे एक सुंदर अंग दिसते. क्लासच्या आत लिहिलेली मेथड हे एक साधे फंक्शनच असते आणि ते क्लासच्या खात्यात जमा असते. आपण ऑब्जेक्टवरून ते मागितले की पायथन त्या फंक्शनमधली गेट नावाची एक विशेष मेथड वापरतो, जिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात, आणि फंक्शन व ऑब्जेक्ट यांची जोडी बांधून एक नवी वस्तू आपल्या हातात देतो. तिला बाउंड मेथड म्हणतात. डिस्क्रिप्टर म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था डिसेंबर २००१ मधल्या पायथन २.२ पासून आहे. डॉटने जोडी बांधायची आणि कंसाने ती चालवायची, अशी ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि म्हणूनच ती वेगवेगळ्या वेळी करता येतात:

```
कापा = वाशी.वजा_करा
कापा(हमाली)
कापा(भाडे)
```

इथे कापा या नावात वाशीचे ऑब्जेक्ट आधीच बांधलेले आहे, त्यामुळे पुढे फक्त रक्कम दिली की पुरे. विंडोमधल्या बटणाला एखादी मेथड जोडायची असते तेव्हा नेमकी अशीच बिनकंसाची बाउंड मेथड द्यायची असते. कंस लिहिला तर मेथड त्याच क्षणी चालते आणि बटणाला मिळते ते तिचे उत्तर. यातली एक बारीक गोष्टही सांगण्याजोगी आहे. प्रत्येक वेळी डॉट वापरला की सहसा नवी जोडी तयार होते, म्हणून एकाच ऑब्जेक्टवरून दोनदा मागितलेली तीच मेथड तुलनेत समान ठरते, पण ती स्मृतीतली एकच वस्तू नसते.

ही जोडी बांधली जाते ती फंक्शन क्लासमध्ये असेल तरच. कोणी बाहेर लिहिलेले फंक्शन थेट एका ऑब्जेक्टला चिकटवले, तर डॉट वापरूनही काहीच बांधले जात नाही:

```
वाशी.शेरा = शेरा_लिहा
वाशी.शेरा(मजकूर)
```

या दुसऱ्या ओळीत शेरा_लिहा या फंक्शनला फक्त मजकूर मिळतो, वाशी मिळत नाही. वरवर पाहता दोन्ही कॉल सारखे दिसतात, त्यामुळे हे माहीत नसेल तर बराच वेळ वाया जातो.

सेल्फ दर वेळी हाताने लिहायला लावण्याबद्दल अनेक जण तक्रार करतात. सी प्लस प्लस आणि जावामध्ये हेच काम करणारा ‘धिस’ हा शब्द पॅरामीटरच्या यादीत लिहावा लागत नाही, मग इथेच का, असे विचारतात. पायथनच्या क्लासची रचना सी प्लस प्लस आणि मॉड्युला-३ या दोन भाषांवरून घेतलेली आहे, आणि सेल्फ उघड ठेवण्याच्या बाजूने पायथनचे जनक खिदो फान रॉसम यांनी २००८ मध्ये सविस्तर लिहिले होते. वर दिलेल्या दोन ओळींची समानता हा त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा होता. दुसरा मुद्दा डेकोरेटरचा, म्हणजे फंक्शनच्या माथ्यावर लिहून त्याचे वागणे बदलणाऱ्या खुणेचा, होता: फंक्शनवर कोणता डेकोरेटर काय करील हे पायथनला आधी कळू शकत नाही, म्हणून पहिला पॅरामीटर गुपचूप घालायचा की नाही हेही त्याला ठरवता येणार नाही. मला स्वतःला पहिला मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. जे आत येणार आहे ते कंसात दिसते, यामुळे मेथड हे कोणतेही जादूचे प्रकरण न राहता एक फंक्शन राहते, आणि ग्रामीण भागातल्या, शिक्षकाविना शिकणाऱ्या मुलाला स्वतःच्या बळावर ते उलगडता येते.

आता क्लासमेथड. दलालाकडून आलेल्या पट्टीतली माहिती आम्ही कधी कधी फाइलमध्ये एका ओळीत लिहून घेतो: पेट्या, दर आणि त्यांच्यामध्ये स्वल्पविराम. या ओळीवरून थेट पट्टीचे ऑब्जेक्ट तयार करायचे आहे. अशा वेळी अजून ऑब्जेक्ट अस्तित्वातच नसते, तेव्हा डॉटच्या डावीकडे क्लास लिहावा लागतो, आणि मेथडलाही क्लासच हवा असतो:

```
वाशी = पट्टी.ओळीवरून(ओळ)
```

ओळीवरून या मेथडच्या माथ्यावर क्लासमेथड हा डेकोरेटर लावला की पहिल्या पॅरामीटरमध्ये ऑब्जेक्टऐवजी क्लास येतो. त्या पॅरामीटरला रूढीने सीएलएस (cls) म्हणतात. आत स्वल्पविरामावर तुकडे करायचे, त्यांचे आकडे करायचे आणि सीएलएसलाच कॉल करून नवे ऑब्जेक्ट परत द्यायचे. आकडे करताना आमच्याकडे एक सोय आपोआप मिळते: ओळीत ४८ असे देवनागरीत लिहिलेले असले तरी पायथनचे इंट हे फंक्शन त्याची संख्या बरोबर करते. कोडमध्ये थेट लिहिलेल्या संख्येला मात्र ही सवलत नाही, तिथे 0 ते 9 हे इंग्रजी अंकच लागतात.

सीएलएसऐवजी आत सरळ पट्टी असे नाव लिहिले तर काय बिघडते, असे मुले विचारतात, आणि एकच क्लास असेपर्यंत खरोखरच काही बिघडत नाही. फरक दिसतो तो वारस क्लास, म्हणजे दुसऱ्या क्लासच्या मेथड वारशाने (इनहेरिटन्सने) घेणारा क्लास, आल्यावर. काजूचा हिशेब पेट्यांवर नसून किलोवर असतो, म्हणून पट्टीवरून काजूपट्टी हा क्लास काढला. आता काजूपट्टी.ओळीवरून(ओळ) असे लिहिले की डॉटच्या डावीकडे काजूपट्टी असल्यामुळे सीएलएसमध्ये काजूपट्टीच येते आणि काजूपट्टीचे ऑब्जेक्ट तयार होते. आत पट्टी हे नाव पक्के लिहिले असते तर काजूचा हिशेब मुकाट्याने आंब्याच्या क्लासमध्ये जाऊन पडला असता. पायथनच्या स्वतःच्या संग्रहातली तारखेची टुडे आणि फ्रॉमआयसोफॉरमॅट ही दोन्ही याच जातीची आहेत. एक पथ्य मात्र पाळावे लागते: वारस क्लासने ऑब्जेक्ट तयार करताना एखादे जास्तीचे आवश्यक आर्ग्युमेंट मागितले, तर मूळ क्लासमेथड ते देत नसल्यामुळे कॉल मोडतो, आणि मग वारसाने ओळीवरून ही मेथडही नव्याने लिहावी लागते.

क्लासमेथड ऑब्जेक्टवरून कॉल केली तरी चालते, वाशी.ओळीवरून(ओळ) असे लिहिल्यास आत वाशी न जाता वाशीचा क्लास जातो. हे वैध असले तरी वाचणाऱ्याची दिशाभूल होते, म्हणून मी ते टाळायला सांगतो.

स्टॅटिकमेथडबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिच्यात डॉटच्या डावीकडचे काहीच आत जात नाही, कंसातले तेवढेच जाते. फळांच्या संख्येवरून डझन काढणारे फंक्शन पट्टीच्या क्लासमध्ये ठेवायचे झाले तर ते असे ठेवता येते, पण ज्या फंक्शनला ऑब्जेक्टही नको आणि क्लासही नको ते क्लासच्या बाहेर ठेवलेले मला बहुतेक वेळा बरे वाटते. हे दोन्ही प्रकार पायथन २.२ मध्ये आले. माथ्यावर ॲटचे चिन्ह लावून डेकोरेटर लिहिण्याची सोय २००४ च्या पायथन २.४ पासून आहे.

पहिली जागा कोणाची हे ठरल्यावर उरलेल्या जागांकडे वळू. पट्टीतून हमाली, भाडे आणि उचल या तिन्ही रकमा एकदम वजा करणारी मेथड लिहिली, तर तिन्ही किमती नुसते आकडे असल्यामुळे त्यांचा क्रम चुकला तरी एरर येत नाही, एकूण वजावटही तीच राहते, आणि तरी भाड्याच्या रकान्यात उचल नोंदली जाते. अशा ठिकाणी व्याख्येत कंस असा लिहावा:

```
(self, *, हमाली, भाडे, उचल)
```

एकट्या चांदणीनंतरचे पॅरामीटर नाव घेऊनच द्यावे लागतात. नुसते आकडे दिले तर पायथन कॉलच थांबवतो. ही सोय पायथन ३.० पासून आहे. याच्या उलट, नाव घेऊन देताच येणार नाहीत असे पॅरामीटर तिरप्या रेघेने वेगळे करण्याची सोय २०१९ च्या पायथन ३.८ मध्ये आली, पण हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये तिची गरज क्वचितच पडते. चांदणीचा वापर मात्र मी आग्रहाने करायला लावतो. कॉलची ओळ त्यामुळे लांब होते, पण सहा महिन्यांनी वाचतानाही ती शंका ठेवत नाही:

```
वाशी.वजावट(हमाली=ह, भाडे=भ, उचल=उ)
```

डिफॉल्ट किमतींचा एक धोका क्लासमध्ये जास्तच जाणवतो. नोंदी नावाचा पॅरामीटर ठेवून त्याला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट द्यावी, म्हणजे प्रत्येक पट्टी कोऱ्या यादीने सुरू होईल, असे कोणालाही वाटते. प्रत्यक्षात व्याख्येची ओळ चालते तेव्हा ती लिस्ट एकदाच तयार होते आणि डिफॉल्टवर विसंबणारे प्रत्येक ऑब्जेक्ट तीच लिस्ट उचलते. आमच्या एका पाठात पुण्याची पट्टी छापली तेव्हा तिच्यात वाशीची हमाली आणि वाशीचे भाडे आधीच बसलेले होते. पुण्याला पाठवलेल्या पेट्यांची एकही नोंद अजून केलेली नव्हती. यावरचा सर्वमान्य उपाय असा की डिफॉल्ट म्हणून नन (‘काहीच नाही’ दाखवणारी पायथनची किंमत) ठेवावे आणि मेथडच्या आत, नन आले असेल तर, नवी लिस्ट तयार करावी.

बाहेरून दिलेल्या लिस्टचेही तसेच असते. पायथन आर्ग्युमेंटची प्रत काढून देत नाही, त्याच वस्तूला आतून आणखी एक नाव देतो. बार्बरा लिस्कोव्ह यांनी सीएलयू या भाषेसाठी या पद्धतीला कॉल बाय शेअरिंग असे नाव दिले होते आणि पायथनला ते चपखल लागू पडते. मेथडने आलेली लिस्ट तशीच सेल्फवर ठेवली, आणि बाहेर कोणी नंतर त्या लिस्टमध्ये भर घातली, तर पट्टीही बदलते. म्हणून आत घेताना लिस्टची प्रत करून ठेवावी, निदान पैशांचा हिशेब असेल तेव्हा तरी. आत त्या नावाला नवी किंमत दिली तर बाहेरचे काही बदलत नाही. बदल दिसतो तो वस्तूलाच हात लावला तर.

इनहेरिटन्समध्येही डॉटच्या डावीकडे पाहण्याचीच सवय कामी येते. काजूपट्टीच्या वजा_करा या मेथडमधून मूळ पट्टीची वजा_करा चालवायची असेल तर दोन मार्ग आहेत. मूळ क्लासचे नाव घेतले तर डॉटच्या डावीकडे क्लास असतो, ऑब्जेक्ट नसते, म्हणून सेल्फ आपण हाताने द्यायचा:

```
पट्टी.वजा_करा(self, रक्कम)
```

मूळ क्लासच्या मेथडपर्यंत नेणारा सुपर वापरला तर तो आपल्या ऑब्जेक्टशी बांधलेला असतो, म्हणून डॉटनंतरच्या कंसात फक्त रक्कम लिहायची. सुपरच्या स्वतःच्या कंसात काही न लिहिण्याची मुभा पायथन ३.० पासून आहे. सुपर वापरूनही सवयीने सेल्फ दिला, तर एक आर्ग्युमेंट जास्त झाल्याची एरर येते. पावसकडच्या त्या मुलीला काजूपट्टी लिहिताना हीच एरर आली. या वेळी तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली नाही. कंसातला सेल्फ खोडला आणि पुढची ओळ लिहायला घेतली.